धावण्याआधीचे दोन क्षण

रात्रीचे साडेनऊ. बंदरालगतच्या द्रोणागिरीतला आमचा रस्ता चांगला रुंद, पण दिव्यांमधली अंतरं मोठी, त्यामुळे उजेडाची बेटं आणि मधे काळोख. एका कडेला बंदराकडे जाणारे ट्रेलर रात्रीपुरते विसावलेले, दुसऱ्या कडेला अर्ध्यावर आलेली इमारत आणि तिच्यापुढे खडीचा ढीग. भुऱ्या माझ्या डाव्या हाताला चालतोय. तेव्हा अकरा महिन्यांचा देशी कुत्रा, एक कान ताठ, दुसरा मधूनच दुमडलेला. पट्टा सैल आहे. आणि अचानक दुमडलेला कान उभा राहतो. इतका वेळ लोंबणारी जीभ आत जाते, तोंड मिटतं. शेपूट हलायची थांबते. पुढचा उजवा पाय जमिनीपासून दोन बोटं वर उचलला जातो आणि तसाच अधांतरी राहतो. ट्रेलरच्या मागच्या चाकाआड दोन हिरवे ठिपके चमकतात.

मी मनात मोजते. एक. दोन. आणि माझा खांदा निखळेल असा हिसका बसतो.

त्या एक-दोनमध्ये काय घडतं, याचा शोध घेता घेता मी गेले काही महिने अक्षरशः झपाटून गेले आहे.

सुरुवातीला मी याला वैर समजत होते. कुत्र्या-मांजराचं भांडण आपल्या भाषेतच इतकं मुरलेलं आहे की दुसरं काही सुचत नाही. पण भुऱ्याचा चेहरा जवळून पाहायला लागले तेव्हा हे गणित जुळेना. पलीकडच्या गल्लीतला काळा कुत्रा अंगावर आला की भुऱ्याचे दात दिसतात, मानेवरचे केस उभे राहतात, घशातून गुरगुर येते. मांजर दिसल्यावर यातलं काहीही होत नाही. सगळ्या अंगावर एक विलक्षण शांतता उतरते. रागावलेला प्राणी असा शांत असेल कसा?

याचं उत्तर एका जुन्या प्रयोगात सापडलं, तेही मांजरांवरच्या. १९६२ साली येल विद्यापीठातल्या वासमन आणि फ्लिन या संशोधकांनी मांजरांच्या मेंदूत खोलवर, हायपोथॅलॅमस नावाच्या भागात, विजेचा सौम्य प्रवाह सोडून पाहिला. एका जागी सोडला की मांजर फिस्कारायचं, पाठीची कमान व्हायची, केस फुलायचे. त्याच भागात जरा बाजूला सोडला की तेच मांजर आवाज न करता, शांतपणे उंदराकडे जायचं आणि चावा घ्यायचं. राग आणि शिकार यांच्या वाटा मेंदूत वेगळ्या आहेत. आज वाचताना त्या मांजरांसाठी जीव कळवळतो, पण त्यांनी मला माझा कुत्रा समजावून दिला हे खरं. भुऱ्याच्या मनात ट्रेलरखालच्या मांजरीबद्दल द्वेषाचा कणही नसतो. त्याला ती हवी असते, आणि तेच जास्त कठीण आहे, कारण रागावलेल्याला शांत करता येतं. ज्याला एखादी गोष्ट जीव तोडून हवी आहे त्याचं काय करायचं?

रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर या दांपत्याने आयुष्यभर कुत्र्यांचा अभ्यास केला. २००१ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात शिकारीची एक साखळी मांडली आहे. मराठीत तिच्या प्रत्येक कडीला शब्द तयारच आहे: हेरणं, टक लावणं, दबा धरणं, पाठलाग, झडप, मान धरून मारणं, फाडणं, खाणं. लांडग्यात ही साखळी पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग चालते. कुत्र्याच्या बाबतीत माणसाने पिढ्यानपिढ्या निवड करत काही कड्या ठळक केल्या आणि काही जवळपास पुसून टाकल्या. मेंढ्या वळवणारा बॉर्डर कोली टक लावतो, दबा धरतो, पाठलाग करतो आणि तिथेच थांबतो. पॉइंटरची साखळी टक लावण्यावरच गोठते. उचललेला पाय ही त्याची ओळखच आहे. लॅब्रॅडॉरच्या पूर्वजांकडून पक्षी तोंडात अलगद उचलून आणण्याचं काम हवं होतं, म्हणून झडपेतला चावा मऊ झाला.

हे कातरकाम आपल्या मातीतही झालेलं आहे. मराठवाड्यातला कारवान कुत्रा पाहा, लांब तोंडाचा, कमरेत बारीक, पायांत स्प्रिंगा असल्यासारखा. शेतात ससा उठला की तो नजरेने धरून सुटतो. आणि त्याच महाराष्ट्रात, धनगराच्या कळपाबरोबर चालणारा कुत्रा मेंढरू उधळलं तरी जागचा हलत नाही. मेंढराच्या मागे लागणारं पिल्लू कोण धनगर वाड्यावर ठेवेल? एकाच मूळ साखळीतून एका ठिकाणी वारा घडला, दुसऱ्या ठिकाणी भिंत. भुऱ्यासारख्या देशी कुत्र्याला मात्र कोणी असं मुद्दाम घडवलेलं नाही. त्याच्यात सगळ्या कड्या आहेत, सैलसर, आणि कुठली कधी आवळेल हे परिस्थितीवर अवलंबून.

साखळीचं हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि माझी सगळी खटपट वेगळ्या जागी गेली. मी आतापर्यंत पाठलाग थांबवत होते, म्हणजे चौथी कडी. तोवर उशीर झालेला असतो. उचललेला पाय म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या कडीमधली फट. माझे दोन क्षण ते हेच.

आमच्या कोपऱ्यावर संध्याकाळी मासळी घेऊन बसणाऱ्या मावशी आहेत. त्यांच्या पाटीभोवती तीन-चार मांजरं ठरलेली. एकदा भुऱ्याकडे बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "मांजर बसली ना, तर तो बघत पण नाय. पळाली की बघतो." मी चमकले. बरोबरच होतं. बोंबलाच्या शेपट्या चघळत बसलेल्या मांजरीवरून त्याची नजर घसरून जायची. तीच उठून भिंतीकडे निघाली की विजेचा झटका बसल्यासारखा तो फिरायचा.

मावशींनी जे पाटीमागे बसून टिपलं त्याचं मोजमाप १९३६ साली झालेलं आहे. चौदा पोलीस कुत्र्यांची दृष्टी तपासली गेली. त्यातल्या सर्वांत तीक्ष्ण नजरेच्या कुत्र्यांना हलणारी वस्तू ८१० ते ९०० मीटरवरून ओळखता आली. तीच वस्तू स्थिर असली की जेमतेम ५८५ मीटरवरून. कुत्र्याला आपल्याइतके रंग दिसत नाहीत, निळा आणि पिवळा एवढीच त्याची मुख्य रंगपेटी, बारीक तपशीलही धूसर. पण हालचाल टिपण्यात तो आपल्याला कितीतरी मागे टाकतो. डोळे डोक्याच्या बाजूंना सरकलेले असल्याने मान न वळवता साधारण २४० अंशांचा परिसर त्याच्या नजरेत असतो. आपला १८० च्या आसपास. लांब तोंडाच्या कुत्र्यांत तर डोळ्यांतल्या पडद्यावर मज्जापेशींची एक आडवी पट्टीच असते. क्षितिजावरून सरकणारं काहीही त्या पट्टीवर उमटतं. २००४ साली सिडनीच्या संशोधकांनी दाखवलं की तोंड जितकं लांब तितकी ही पट्टी ठळक. कारवान कुत्र्याला ससा कसा दिसत असेल याची कल्पना करून पाहा: सगळं माळरान पुसट, आणि त्यात एकच जळती रेघ.

म्हणून मांजर पळणं हीच ठिणगी. आणि बिचारी मांजर पळते कारण तिच्याकडे टक लावून पाहिलं जातं.

एक प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. भुऱ्या पोटभर जेवतो. मग कशासाठी? जर्मन अभ्यासक पाउल लायहाउसन यांनी मांजरांच्या बाबतीत हे बारकाईने पाहिलं होतं: पोट भरल्यावर खाणं थांबतं, पण टपणं आणि पकडणं लगेच थांबत नाही. प्रत्येक कडीला स्वतःची वेगळी भूक असते. निसर्गाच्या दृष्टीने हे शहाणपणाचंच आहे. दहा वेळा धावून एकदा हाती लागणार असेल तर धावणंच गोड वाटलं पाहिजे, नाहीतर जनावर तिसऱ्या वेळीच हाय खाईल. १९५४ साली माँट्रियलमध्ये ओल्ड्स आणि मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत एक बारीक तार बसवली आणि तिला प्रवाह देणारी कळ उंदरांच्याच पायाशी ठेवली. उंदीर ती कळ तासाला शेकडो वेळा, काही जागी तर हजारांवर वेळा दाबत राहिले. बरीच वर्षं लोक त्याला सुखाचं केंद्र म्हणायचे. पुढे याक पँक्सेप यांनी त्याचा वेगळा अर्थ लावला: ही शोध घेण्याची यंत्रणा आहे. मिळाल्याचा आनंद वेगळा आणि 'आता मिळेल, आता मिळेल' ही धग वेगळी. भुऱ्याच्या अधांतरी पायात ती धग मला दिसते.

याचा घरातला अर्थ मात्र सरळ आणि थोडा भीतिदायक आहे. पाठलाग हे स्वतःच बक्षीस आहे. मांजर हाती लागो न लागो, प्रत्येक पळापळीनंतर कुत्रा एक धडा शिकून घरी येतो. 'सोड ना, तिच्या मागे धावला तर काय बिघडलं, ती चढते झाडावर' असं म्हणणारी माणसं प्रेमळ असतात, पण ती नकळत त्या सवयीला रोज पाणी घालत असतात.

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, असं आपण म्हणतो. मांजर दिसलं की कुत्रा धावणारच, हेही त्याच चालीवर. चीनमधले मानसशास्त्रज्ञ झिंग-यांग क्वो यांना अशी खात्री मान्य नव्हती. त्यांनी १९३० साली मांजरीच्या पिल्लांचे गट केले. उंदीर मारणाऱ्या मांजरीजवळ वाढलेल्या २१ पिल्लांपैकी १८ जणांनी पुढे उंदीर मारले. एकटी वाढलेल्या २० पैकी ९ जणांनी. आणि उंदरांबरोबर एकाच पिंजऱ्यात वाढलेल्या १८ पैकी फक्त ३ जणांनी, तेही पिंजऱ्यातल्या सोबत्याला हात न लावता. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पान उलटलंच नाही बराच वेळ. मांजरीने उंदीर मारणं याहून 'स्वाभाविक' ते काय असणार, आणि तेही इतकं वळतं!

कुत्र्याच्या बाजूनेही असंच एक उदाहरण आहे. १९६९ साली मायकेल फॉक्स यांनी चिवावा जातीची चार पिल्लं मांजरीच्या पिल्लांत वाढवली, एकेका घोळक्यात एकेक. मोठी झाल्यावर ती कुत्र्यांपेक्षा मांजरांच्या सहवासात रमायची, आणि आरशातल्या स्वतःच्या प्रतिमेकडे इतर पिल्लांसारखं लक्षही द्यायची नाहीत. कुत्रा म्हणजे कोण, हेच त्यांच्या मनात वेगळं लिहिलं गेलं होतं. पिल्लाच्या मनाची ही पाटी साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत कोरी असते; मांजरीच्या पिल्लाची तर दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतच.

भुऱ्या आमच्याकडे आला तो सात महिन्यांचा होऊन. एका इमारतीचं काम संपलं, मजूर पुढच्या साइटवर गेले, पिल्लू मागे राहिलं. ती पाटी केव्हाच भरून गेली होती. घरात आमची मांजर मनी होतीच, चार वर्षांची, फ्रीजवर बसून सगळं घर चालवणारी. मी हातपाय गाळण्याच्या बेतात असताना तेल अवीव विद्यापीठाचा २००८ मधला एक अभ्यास वाचनात आला. फॉयरस्टाइन आणि टर्केल यांनी एकाच घरात राहणाऱ्या कुत्र्या-मांजरांच्या जोड्या पाहिल्या. जवळपास दोन तृतीयांश जोड्यांचं चांगलं जमत होतं. मांजर घरात आधी आलेलं असेल तर जास्त चांगलं. कुत्रा वर्षाच्या आत घरात आलेला असेल तर आणखी. मी बोटांवर हिशेब केला: मनी आधी, भुऱ्या सात महिन्यांचा. दार बंद झालेलं नव्हतं.

त्या अभ्यासातली सर्वांत सुंदर गोष्ट भाषेची आहे. कुत्र्याची हलणारी शेपटी म्हणजे बहुतेक वेळा ये, खेळू. मांजरीची हलणारी शेपटी म्हणजे बास, पुरे. एकाचा होकार तो दुसऱ्याचा नकार. तरीही एकत्र राहणारी ही जनावरं एकमेकांच्या खुणांचा आपल्यापेक्षा उलटा असलेला अर्थ शिकतात. नाकाला नाक लावून विचारपूस करणं ही मांजरांची पद्धत, ती घरातल्या कुत्र्यांनी उचललेली दिसली. दोन वेगळ्या कुळांतले प्राणी, आणि कोणी शिकवलेलं नसताना परकी भाषा!

पण मनीची बाजू सांगायलाच हवी, कारण अशा गोष्टींत सगळे कुत्र्याबद्दलच बोलतात. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर, माळढोक अभयारण्यात, अबी वनक आणि सहकाऱ्यांनी खोकडांसाठी खाणं ठेवून एक प्रयोग केला होता. जवळ कुत्रा दिसेल असा ठेवला की खोकड कमी वेळा यायचे, कमी खायचे. कुत्रा त्यांना चावत नव्हता, मागे लागत नव्हता. त्याचं असणं पुरेसं होतं. माझ्या घरात हेच चाललं होतं. मनीला भुऱ्याने कधी दात लावला नाही, तरी ती पाण्याला खाली उतरेना, तिच्या मातीच्या ट्रेकडे जायला रात्रीपर्यंत थांबायला लागली. मांजरांत अशा सततच्या ताणाने मूत्राशय सुजतं. बोक्याची तर लघवी अडकून काही तासांत जीवावर बेतू शकतं. मांजर ट्रेवर वारंवार बसतंय आणि होत नाहीये असं दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही, डॉक्टर गाठायचा. 'काही झालं नाही ना, मग ठीक' ही मोजपट्टी मांजराला लावता येत नाही.

म्हणून पहिलं काम मनीसाठी केलं. लहान मुलांसाठी जिन्यावर लावतात तसं जाळीचं फाटक बेडरूमच्या दारात बसवलं. बेडरूम तिची. कपाटापासून खिडकीपर्यंत दोन फळ्या ठोकल्या, म्हणजे जमिनीला पाय न लावता तिला फिरता यावं. तिचं खाणं उंचावर, ट्रे फाटकामागे (कुत्र्यांना तो ट्रे खाऊचा डबा वाटतो, हे कुत्रं पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे). खिडक्यांना जाळी आधीपासून होती. नसती तर ती आधी, कारण घाबरलेली मांजर चौथ्या मजल्याचाही विचार करत नाही. आणि आम्ही घरी नसताना दोघं कधीच एका खोलीत नाहीत. हा नियम आजही आहे, पुढेही राहील.

मग वासांची देवाणघेवाण. मनीच्या गालावरून फिरवलेलं फडकं भुऱ्याच्या जेवणाच्या भांड्याशेजारी, भुऱ्याच्या अंथरुणाचा तुकडा तिच्या फळीखाली. चौथ्या दिवशी तिने त्या तुकड्यावर गाल घासला. मी स्वयंपाकघरात उभी होते. गॅसवरचं दूध उतू गेलं तरी मला कळलं नाही.

खरा धडा मात्र त्या दोन क्षणांचा. हॉलच्या पार टोकाला भुऱ्या, हार्नेसला पट्टा, पट्टा माझ्या हातात सैल. फाटकापलीकडे मनी फळीवर. तो तिच्याकडे पाहतो. पाहू द्यायचं. इथेच बहुतेक लोक चुकतात. 'बघू नको' म्हणून ओरडतात, मान ओढतात, आणि मांजर दिसली की गळ्याला फास बसतो एवढंच कुत्रा शिकतो. मी पाहिल्याबरोबर, कान टवकारल्यावर पण अंग गोठायच्या आत, हलकेच "हं" म्हणायचे. त्या "हं"चा अर्थ आधी आठवडाभर मांजर नसताना पक्का करून घेतला होता: हं म्हणजे खाऊ आला. तो वळायचा, उकडलेल्या कोंबडीच्या काळजाचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा त्याच्या तोंडात. पुन्हा पाहणं, पुन्हा हं. तीन मिनिटं, बस. अमेरिकेतल्या प्रशिक्षक लेस्ली मॅकडेव्हिट यांनी २००७ मधल्या आपल्या पुस्तकात या पद्धतीचा खेळ लोकांपर्यंत आणला. त्याचं मर्म मला थक्क करतं: बघण्याला बंदी घालायची नाही, बघण्याचा शेवट बदलायचा. पूर्वी टक लावण्यापुढची कडी दबा होती. आता त्या जागी दुसरीच कडी ओवायची, माझ्याकडे वळण्याची.

साधारण बाराव्या दिवशी भुऱ्याने मनीकडे पाहिलं आणि मी "हं" म्हणायच्या आधीच तो माझ्याकडे वळला. ती नजर मी विसरणार नाही. 'बघितली. आता?' असं स्वच्छ लिहिलेलं होतं तिच्यात.

अंतर हाच या सगळ्याचा नळ आहे. खाऊ घेत नाही, हाक ऐकू येत नाही, अंग दगड झालंय, म्हणजे आपण फार जवळ आहोत. मागे सरकायचं, रागवायचं नाही. बसलेली मांजर जमली की चालणारी, मग उडी मारणारी. प्रत्येक वेळी अंतर पुन्हा वाढवून. आणि मांजरीला हातात धरून कुत्र्यापुढे कधीच न्यायचं नाही. तिला निघून जाता आलं पाहिजे. तेच तिचं धैर्य असतं. मी या काळात मनीकडे पाहून डोळे सावकाश मिटायचे आणि उघडायचे. २०२० साली ससेक्स विद्यापीठात तपासून पाहिलंय, असे डोळे मिटणाऱ्या माणसाला मांजरं तसंच उत्तर देतात आणि त्याच्याजवळ यायला जास्त तयार असतात. मनीने उत्तर दिलं. आश्वासन म्हणून याहून शांत काही मला माहीत नाही.

भुऱ्याच्या आठव्या-नवव्या महिन्यात एक पडझड झाली. येत होतं ते सगळं विसरल्यासारखा तो वागायला लागला, तेही फक्त माझ्याशी. शेजारच्या काकींनी "बस" म्हटलं की बसायचा. मला फार लागलं ते. नंतर कळलं की ब्रिटनमध्ये मार्गदर्शक कुत्र्यांच्या पिल्लांवर झालेल्या, २०२० मध्ये छापून आलेल्या अभ्यासात नेमकं हेच दिसलं होतं: आठ महिन्यांची पिल्लं आपल्या माणसाचं कमी ऐकतात आणि परक्याचं ऐकतात. वय आहे, सरतं. या काळात नवं काही शिकवायला गेले नाही, फक्त जुनं मोडू दिलं नाही.

बाहेर मामला वेगळा. द्रोणागिरीत मोकळे प्लॉट, पार्किंगचे खांब, ट्रेलरची चाकं, नाल्याच्या कडा, प्रत्येक ठिकाणी मांजर असू शकते. बंदरालगतच्या वस्तीत मांजरं असणारच, असं मला उगाच वाटतं. २०१७ साली प्राचीन मांजरांच्या जनुकांचा जो अभ्यास आला, त्यात इजिप्तच्या वंशाच्या मांजरी बाल्टिक समुद्रावरच्या व्हायकिंग बंदरापर्यंत पोचलेल्या सापडल्या. जहाजावरचे उंदीर मारायला त्या खलाशांबरोबर फिरल्या. उंदीर जिथे, मांजर तिथे, आणि माणसाचा माल जिथे, तिथे दोघं.

तर बाहेर. पाच मीटरची दोरी, मागे कडी असलेला हार्नेस, खिशात खाऊ. वाहनं वाहत्या रस्त्यावर दोरी आखूड. लांब दोरी फक्त मोकळ्या प्लॉटवर. घरात खेळ म्हणून शिकवलेली एक हाक, "चल फिर", म्हणजे एकशे ऐंशी अंशांत वळून माझ्याबरोबर पळायचं. मांजर आधी मला दिसली पाहिजे, म्हणून मी चालताना चाकांखाली बघत जाते. अंतर असेल तर हं. नसेल तर चल फिर, आणि पंधरा-वीस पावलांवर गवतात मूठभर खाऊ उधळून "शोध!" नाक खाली गेलं की सगळं अंग सैल पडताना दिसतं. २०१९ मध्ये द्युराँतों आणि हॉरोविट्झ यांनी दोन आठवडे वासाने शोधण्याचे खेळ खेळलेल्या कुत्र्यांना एका संदिग्ध जागी ठेवलेल्या भांड्यापुढे सोडलं. यात खाऊ असेलच, अशा उमेदीने ते आधीपेक्षा झटपट गेले. दुसऱ्या, पायाशी चालण्याचा सराव केलेल्या कुत्र्यांत तो फरक आला नाही. हुंगण्याने कुत्र्याचा जगावरचा विश्वास वाढतो, असं मी त्यातून समजते.

आणि धावणं? ते मी त्याला देते. वेताच्या काठीला दोरी, दोरीच्या टोकाला जुन्या टॉवेलची गाठ. रोज संध्याकाळी दहा मिनिटं ती गाठ उधळते आणि तो हेरतो, दबा धरतो, झेपावतो, पकडून झटकतो. सगळ्या कड्या, सलग. पण सुरू कधी? माझ्याकडे वळून पाहिल्यावर. डेव्हिड प्रीमॅक यांनी १९५९ साली मुलांपुढे खाऊचं यंत्र आणि पिनबॉलचं यंत्र ठेवून दाखवलं होतं की ज्याला खेळ जास्त प्रिय, ते मूल खेळायला मिळावं म्हणून खाऊ खातं. आजीला हे ठाऊकच होतं: आधी पानातली भाजी, मग श्रीखंड. भुऱ्याचं श्रीखंड टॉवेलच्या गाठीत आहे.

सगळ्यांच्या बाबतीत इथवर येता येत नाही, हेही लिहिलं पाहिजे. ज्या कुत्र्याने मांजर मारलं आहे, ज्याचं गोठणं लांब अंतरावरही मोडत नाही, त्याच्या घरात दोन कायमच्या वेगळ्या खोल्या हा पराभव मानू नये. जनावरांच्या डॉक्टरांशी बोलावं, वर्तनाच्या जाणकाराला घरी बोलवावं. आणि या धांदलीत माणसाला ओरखडा किंवा चावा बसला, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखान्यात जायचं. पाळलेलं आहे, घरचं आहे, असं म्हणून टाळायचं नाही.

भुऱ्या आता दीड वर्षाचा होत आला. ट्रेलरच्या चाकाआड हिरवे ठिपके चमकले की पाय अजून उचलला जातो. एक. दोन. बहुतेक रात्री तो वळतो. काही रात्री वळत नाही, आणि मग दोरी आहे.

परवा दुपारी पाऊस धरला होता. भुऱ्या हॉलमध्ये कुशीवर झोपलेला, फाटकापलीकडे मनी फळीवर वेटोळं घालून. त्याचे पाय हलायला लागले. चारही पाय, लयीत, ओठ थरथरत, घशातून पिल्लासारखे बारीक आवाज. झोपेत तो धावत होता. फ्रान्समधल्या मिशेल जूव्हे यांनी काही मांजरांच्या मेंदूतली, झोपेत शरीर लुळं ठेवणारी जागा निकामी केली होती. ती मांजरं गाढ झोपेतच उठायची आणि समोर नसलेल्या सावजावर दबा धरायची. म्हणजे एरवीही ती रोज रात्री शिकारीला जात असतात, फक्त पाय बांधलेले असतात. मी फाटकाशी जाऊन उभी राहिले. मनीच्या मिशा हलत होत्या. पुढच्या पंजाची नखं सावकाश बाहेर येत होती, आत जात होती.